धर्मगुरू संमेलनाध्यक्ष होतो तेव्हा: उस्मानाबाद २०२०, एक प्रकरण अभ्यास

२२ सप्टेंबर २०१९ रोजी अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने उस्मानाबाद येथे भरणाऱ्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची एकमताने निवड केली. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून चालत आलेल्या या परंपरेत ख्रिस्ती व्यक्तीला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. शिवाय ती व्यक्ती केवळ जन्माने ख्रिस्ती नव्हती, तर १९७२ पासून कॅथलिक धर्मगुरू म्हणून सेवा करणारी होती. निवड जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत काही हिंदुत्ववादी संघटनांनी जाहीर विरोध नोंदवला आणि महामंडळाकडे धमकीचे फोन येऊ लागले. लेखक म्हणून दिब्रिटो यांची योग्यता किती, हा प्रश्न या गदारोळात फारसा कोणी विचारलाच नाही. प्रश्न विचारला गेला तो एवढाच की, ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे ज्याचे कार्य, त्याने मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर का बसावे?

कॅथलिक श्रद्धा, मराठी संस्कृती आणि सार्वजनिक जीवन यांचा संबंध तपासण्यासाठी यापेक्षा बोलके प्रकरण अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल. विरोधकांनी काय म्हटले यापेक्षाही, समर्थकांनी कोणत्या मुद्द्यावर समर्थन केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. दिब्रिटो हे लेखक आहेत, पर्यावरणासाठी लढलेले कार्यकर्ते आहेत, तेव्हा त्यांचे धर्मगुरू असणे बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहावे, असा समर्थनाचा एकूण सूर होता. हेतू चांगला होता, पण या युक्तिवादात विरोधकांचे गृहीतक नकळत मान्य केले गेले. धर्मगुरूपण ही या माणसाच्या सार्वजनिक जीवनातली अडचण आहे, आणि ती वगळल्यावर उरते ते स्वीकारार्ह, असे ते गृहीतक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. त्यांचे सार्वजनिक काम त्यांच्या धर्मगुरूपणातूनच उभे राहिले, आणि ते कसे हे समजून घेण्यासाठी उस्मानाबादच्या तीस वर्षे आधीच्या वसईकडे जावे लागते.

वसईचे पाणी

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळ्यापासून नंदाखाल, निर्मळ, गास, गिरीज, भुईगावपर्यंत, समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये बागायती गावांची एक ओळ आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ही इथली पिके. फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म १९४२ साली याच पट्ट्यातल्या नंदाखाल येथे झाला. या गावांत ख्रिस्ती आणि हिंदू वस्ती शेजारी शेजारी आहे. सामवेदी समाजाचे उदाहरण घेतले तर त्यातली काही घराणी ख्रिस्ती झाली, काही हिंदू राहिली, पण दोघांची कादोडी बोली एक, बागेची कामे एक आणि विहिरीचे पाणीही एकाच जमिनीतले.

हे पाणी नाजूक आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचे मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. रहाटाने किंवा लहान पंपाने गरजेपुरते पाणी काढले तर पावसाळ्यात ती भर पुन्हा निघते. गावोगावची बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठून जमिनीत मुरावे म्हणून राखलेले खोलगट भाग, हे काम वर्षानुवर्षे करत आलेली आहेत. मात्र एखाद्या विहिरीतून रात्रंदिवस उपसा होऊन टँकर भरले जाऊ लागले की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो, खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा ते विहिरीत आले की लवकर मागे हटत नाही. खारे पाणी मिळालेली पानवेल तग धरत नाही. ज्याने पाणी विकले त्याच्यापुरते हे नुकसान मर्यादित राहत नाही, कारण जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. शेजारच्या चार बागांनाही त्याची झळ बसते.

ऐंशीच्या दशकात मुंबईची वस्ती पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकली. नालासोपारा, विरार आणि वसई रोड या स्थानकांभोवती इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यासाठी नळाच्या पाण्याची व्यवस्था नव्हती. ती गरज टँकरने भागवली आणि टँकरांनी बागायतदारांच्या विहिरींकडे मोर्चा वळवला. त्यातच १९८८ साली राज्य सरकारने या भागातले मोठे हरित क्षेत्र बांधकामासाठी खुले केले आणि १९९० मध्ये सिडको या राज्य सरकारच्या शहर उभारणी करणाऱ्या कंपनीची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. जमिनीचे भाव चढले. पाणी, जमीन आणि गुंडगिरी यांचे साटेलोटे झाले आणि त्याविरुद्ध उघडपणे बोलणे जोखमीचे ठरू लागले.

या काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि दिब्रिटो तिचा चेहरा झाले. मोर्चे निघाले, सभा झाल्या, धमक्या आल्या. समितीत ख्रिस्ती होते तसेच हिंदूही होते, आणि मागणी कोणा एका धर्माची नव्हती. गावोगावच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समुदायांत, एकत्र येण्याची सवय आधीपासून होती, रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) सारे गाव भेटत होते, आणि गुंडांना घाबरणाऱ्या माणसाला आपल्या फादरांच्या मागे चालण्याचे धैर्य होत होते. वसईच्या चळवळीचा हा सामाजिक आधार नजरेआड करून तिचे केवळ ‘पर्यावरणवादी’ असे वर्णन केले तर ती कशी उभी राहिली याचे उत्तरच मिळत नाही.

चळवळ पूर्ण यशस्वी झाली असे म्हणता येत नाही. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना जे शहर उभे राहायचे ते राहिलेच. चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. महापालिकेत जाण्यास गावांचा विरोध होता. त्यासाठी पुन्हा आंदोलन झाले आणि गावे वगळण्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला. तरीही पश्चिम पट्ट्यातली जी हिरवळ आज शिल्लक आहे, तिच्या मागे त्या संघर्षाने निर्माण केलेला धाक आणि जागरूकता आहे, असे मला निश्चितपणे वाटते.

धर्मगुरूने इतके बाहेर यावे का?

हा प्रश्न चर्चच्या आतूनही विचारला जातो, आणि तो वाजवी आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेने, याची चौकट आखून दिली आहे. कलम २८५ नुसार नागरी सत्तेचा वापर करावा लागेल असे सार्वजनिक पद धर्मगुरूने स्वीकारू नये, आणि कलम २८७ नुसार त्याने राजकीय पक्षांत किंवा कामगार संघटनांच्या नेतृत्वात सक्रिय भाग घेऊ नये. चर्चच्या हक्कांचे रक्षण किंवा सर्वांचे हित यासाठी तो आवश्यक आहे असे सक्षम धर्माधिकाऱ्याला वाटले तरच त्याला अपवाद. नियम केवळ कागदावर नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात दहा वर्षे निवडून गेलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू रॉबर्ट ड्रायनन यांना १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आदेशानुसार पुन्हा निवडणूक न लढवण्याचा निर्णय घ्यावा लागला होता.

म्हणजे चर्च सत्तेची दारे धर्मगुरूला बंद करते. पण त्याच चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १९६५ च्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात, हेही सांगितले की आजच्या माणसांचे, विशेषतः गरिबांचे आणि पीडितांचे, सुखदुःख, आशा आणि चिंता या ख्रिस्ताच्या अनुयायांच्याही आशा आणि चिंता आहेत. माणसाचे मूलभूत हक्क पणाला लागतात तेव्हा राजकीय व्यवहारांवरही नैतिक मत देण्याचा चर्चला अधिकार आहे, असे हाच दस्तऐवज ७६व्या परिच्छेदात म्हणतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की धर्मगुरूची जागा स्पष्ट होते. तो सत्तेचा उमेदवार नसतो, मात्र सत्तेने केलेल्या अन्यायाबद्दल गप्पही राहू शकत नाही.

या कसोटीवर वसईचे काम तपासले तर दिब्रिटो यांनी पक्ष काढला नाही आणि कोणतेही सत्तापद घेतले नाही. पाणी कोणाचे, हा सर्वांच्या हिताचा प्रश्न त्यांनी सर्वांना कळेल अशा मराठीत मांडला. निसर्ग आणि गरीब यांचा आक्रोश एकच आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले. वसईच्या बागायतदाराला तो अनुभव पाव शतकापूर्वी आला होता आणि त्याच्या फादरांनी तो प्रवचनात आणि रस्त्यावर दोन्हीकडे बोलून दाखवला होता.

मराठीशी नाते

१९८३ ते २००७ या काळात दिब्रिटो ‘सुवार्ता’ या वसईच्या कॅथलिक मासिकाचे संपादक होते. धर्मप्रांताचे नियतकालिक म्हटले की साधारणपणे सणांची माहिती, बिशपांची पत्रे आणि भक्तिपर लेख असे स्वरूप असते. त्यांनी या मासिकाची दारे साहित्याला, सामाजिक प्रश्नांना आणि इतर धर्मांच्या लेखकांना उघडी केली. पुढे ‘सुबोध बायबल’ हा त्यांचा मोठा ग्रंथ आला. चर्चमध्ये न जाणाऱ्या मराठी वाचकालाही बायबल वाचता यावे, यासाठी आजच्या वापरातली भाषा आणि सोबत समजावून देणाऱ्या टिपा अशी त्याची रचना आहे.

धर्मप्रसाराचा आक्षेप इथे घ्यायचा की नाही, हे वाचकाने ठरवावे. पण तो घेण्याआधी मराठीचा स्वतःचा इतिहास पाहावा. गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ हे १०,९६२ ओव्यांचे महाकाव्य रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या कवीचा हेतू धार्मिक होता यात शंका नाही. तरीही त्याने लिहिलेली मराठीची स्तुती आज शाळेतल्या मुलांनाही ऐकून माहीत आहे. ज्ञानेश्वरी हा धर्मग्रंथ आहे, तुकोबांचा अभंग हे भजन आहे, लीळाचरित्र हे एका पंथाचे आहे. धर्मातून आलेले लेखन वगळायचे ठरवले तर मराठी साहित्याच्या पहिल्या सहाशे वर्षांत हातात फारच थोडे उरेल. मग फक्त ख्रिस्ती श्रद्धेतून आलेल्या लेखनाला वेगळा निकष लावण्याचे कारण काय?

या नात्याची दुसरी बाजूही आहे. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकारामांच्या ईश्वरानुभवाचा. हे पाहुणचाराचे सौजन्य नव्हते. ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो त्या भाषेत देवाचा शोध आधी कोणी आणि किती खोलवर घेतला, हे समजून घेतल्याशिवाय तिथला कॅथलिक धर्मशास्त्री पुढे जाऊ शकत नाही. ख्रिस्ताची सुवार्ता (शुभवर्तमान) आणि संस्कृती यांच्यातली दरी ही आपल्या युगाची शोकांतिका आहे, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लिहिले होते. वसईच्या चर्चने ती दरी मिस्सेच्या मराठीत, गीतांत आणि नियतकालिकांत भरून काढण्याचा जो प्रयत्न केला, त्याची दखल महामंडळाने २०१९ मध्ये घेतली, असे मी या निवडीकडे पाहतो.

आक्षेपातला खरा भाग

विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे झटकून टाकता येत नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या राजवटीत देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी सत्तेचा दबाव वापरला गेला, आणि गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, छळ झाला. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली हा मराठी मनाच्या अभिमानाचा विषय आहे आणि त्यामागे ही वेदना आहे. कॅथलिक माणसाने तिच्याकडे पाठ फिरवू नये. चर्चने १९६५ च्या ‘दिग्निताती उमाने’ या दस्तऐवजात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येणार नाही असे जाहीर केले, आणि १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ही कबुली मराठीत आपण पुरेशा मोकळेपणाने सांगितलेली नाही. ती सांगितली असती तर २०१९ चा विरोध थांबला असता असे नाही, पण प्रामाणिक शंका असलेल्या वाचकाशी बोलणे सोपे झाले असते.

मात्र सतराव्या शतकातल्या सत्तेचा हिशेब नंदाखालच्या शेतकरी घरात जन्मलेल्या मराठी लेखकाकडे मागणे हा अन्याय आहे. संमेलनाच्या इतिहासातही याला उत्तर होते. संतसाहित्याचे मुस्लिम अभ्यासक यू. म. पठाण हे १९९० मध्ये पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले होते, आणि त्यामुळे मराठीचे काही बिघडले नव्हते.

उस्मानाबादचे तीन दिवस

महामंडळ आपल्या निर्णयावर ठाम राहिले, आणि याचे मोल कळण्यासाठी आदल्या वर्षाची आठवण हवी. यवतमाळच्या संमेलनात उद्घाटक म्हणून बोलावलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण दबावाखाली मागे घेतले गेले होते आणि त्यावरून महाराष्ट्रभर नाराजी उसळली होती. आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबादमध्ये १० ते १२ जानेवारी २०२० या काळात संमेलन ठरल्याप्रमाणे भरले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नये असे सांगण्याचा प्रयत्न झाला, तरी ते आले.

दिब्रिटो त्या दिवसांत पाठदुखीने बेजार होते. तशा अवस्थेत त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. त्यात मराठी भाषा आणि शाळा यांविषयीची चिंता होती, शेतकऱ्यांचे आणि बेरोजगारांचे प्रश्न होते, आणि अवघ्या पाच दिवसांपूर्वी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्याचा निषेधही होता. उपचारांसाठी त्यांना संमेलन संपण्याआधीच मुंबईला परतावे लागले.

स्वतःवर इतका विरोध झालेला असताना त्यांनी भाषणात अल्पसंख्याकांच्या तक्रारींची यादी वाचली नाही. ते शेतकरी, बेरोजगार आणि विद्यार्थी यांच्याविषयी बोलले. एखाद्या समाजाला सार्वजनिक व्यासपीठ मिळाल्यावर त्याने ते आपल्या गाऱ्हाण्यासाठी वापरणे यात गैर काही नाही. पण ‘गौदियुम एत स्पेस’ची शिकवण मनात मुरलेला धर्मगुरू तिथे उभा राहिला की तो प्रथम दुसऱ्याचे दुःख बोलतो, आणि हे त्या दिवशी हजारो श्रोत्यांनी पाहिले. भाषण राजकीय झाले अशी टीकाही झाली. मला ती पटत नाही, कारण त्यात कोणत्याही पक्षासाठी मत मागितलेले नव्हते. सत्ताधाऱ्यांना न आवडणारे बोलणे आणि पक्षीय राजकारण या वेगळ्या गोष्टी आहेत.

उरलेले प्रश्न

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो यांचे निधन झाले. या प्रकरणातून दोन प्रश्न माझ्या मते अजून सुटलेले नाहीत.

पहिला प्रश्न सर्वांच्या हिताच्या मर्यादेचा आहे. वसई-विरारच्या शहरी वस्तीची तहान पुढे मुख्यतः सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर भागवली गेली. धामणी येथील हे धरण डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधले होते, आणि त्यातले पाणी शहरांकडे वळवण्याला त्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. टँकरने वसईच्या बागायतदारावर जो अन्याय केला, तोच अन्याय जलवाहिनीने जव्हार-डहाणूकडच्या माणसावर होत असेल, तर त्याबद्दल बोलण्याची जबाबदारी वसईच्या धर्मग्रामांवर अधिक येते, कारण पाणी गमावणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. या विषयावर वसईतून उठलेला आवाज पूर्वीच्या मानाने क्षीण आहे आणि त्याची मला खंत वाटते.

दुसरा प्रश्न नेतृत्वाचा आहे. ऐहिक व्यवहारांची जबाबदारी ही प्रामुख्याने प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांची, आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटले आहे. १९८८-८९ मध्ये दहशतीच्या वातावरणात धर्मगुरूने पुढे येणे भाग होते, पण प्रत्येक वेळी फादरांची वाट पाहणारा समाज ही त्या शिकवणीची पूर्तता नव्हे. या दृष्टीने अलीकडे गिरीज परिसरात घडलेली गोष्ट लक्षणीय आहे. कचऱ्याने आणि भरावाने बुजलेली बावखले गावातल्या तरुणांनी स्वतः गाळ उपसून पुन्हा मोकळी केली, त्यांच्या कडा सावरल्या आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठवले. या कामाला कोणत्याही धर्मगुरूने हाक दिलेली नव्हती. रविवारी मिस्सेला जाणारे, आठवडाभर नोकरी करणारे हे साधे प्रापंचिक होते, आणि आता भराव टाकू इच्छिणाऱ्या जमीनमालकांशी आणि महापालिकेशी त्यांना स्वतःच बोलणी करावी लागत आहेत.